शंका असेल तर बाद

नाशिकला थंडी पडली की लोकांना ती आपणच पाडल्यासारखा अभिमान वाटतो. निफाडचा पारा किती उतरला हे वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतं आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना ते फोन करून कळवलं जातं. घरातल्या मुलाला मिळालेले मार्क सांगावेत तसं. इथे मार्क जितके कमी तितका आनंद जास्त, एवढाच फरक. यंदाही ती आली आहे. सिंहस्थासाठी खणून ठेवलेल्या रस्त्यांवर सकाळी धूळ आणि धुकं एकत्रच उठतं. टपरीवर लोक चहाचा ग्लास पिण्याआधी दोन मिनिटं नुसता धरून बसतात. शेजारचे काका स्वेटरवर जाकीट, जाकिटावर शाल घालून फिरायला निघतात आणि समोर दिसेल त्याला ‘काय थंडी आहे!’ असं कौतुकानं सांगतात. मी ‘हो ना’ म्हणतो आणि दार लावून घेतो. मला या थंडीचा अभिमान वाटेनासा होऊन दोन वर्षं झाली.

या दिवसांत निफाडच्या रस्त्यानं सकाळी गेलं तर द्राक्षबागांवर पांढरं काहीतरी तरंगताना दिसतं. ते धुकं असतं किंवा धूर असतो. कडाक्याच्या थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत जागोजाग ओलासुका पाला पेटवतात. बसच्या खिडकीतून यातलं कुठलं काय ते ओळखता येत नाही. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे त्या शास्त्रातलं सर्वांत जुनं उदाहरण दर वर्षी नव्या मुलांना सांगणं माझ्या नोकरीचा भाग होता. त्याच्या पुढची ओळ परीक्षेत येत नसे, म्हणून ती कोणी लिहून घेत नसे. धुक्यालाच धूर समजलात तर तर्काची प्रत्येक पायरी बरोबर असूनही उत्तर चुकतं, अशी ती ओळ. उलट चूकही होऊ शकते, धुराला धुकं समजण्याची. तिच्याबद्दल मी वर्गात कधी बोललो नाही. ती चूक हातून होईल असं मला वाटलं नव्हतं.

आमचं एक अभ्यासमंडळ आहे. निवृत्त पुरुषांना रविवारी सकाळी घराबाहेर काढण्याची ती घरच्या मंडळींनी मान्य केलेली सोय आहे. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या उन्हाच्या दिशेनं मांडायच्या, दीड तास वाद घालायचा आणि मग खाली उतरून मिसळ खायची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर विषय निघाला जडवादाचा. जगात जे आहे ते सगळं द्रव्यच आहे की त्यापलीकडेही काही आहे, आणि असलंच तर ते माणसाला कळू शकतं का. एरवी असले विषय दोन रविवारांत तर्रीत विरघळतात. हा टिकला, कारण नाना होते.

नाना म्हणजे मधुकर बागूल. मूळचे बागलाणातले, अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात तेहतीस वर्षं काढलेले. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तिथे बनत आणि नाना ते मोजत. त्यांच्या शर्टाच्या खिशात अजूनही एक छोटी पट्टी असे आणि बोलताना ते ती काढून समोरच्याच्या मुद्द्याला लावतील की काय अशी भीती वाटे. आमचे अध्यक्ष सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. त्यांना आत्म्याचा अनुभव होता, आणि तो स्लाइड्ससह होता.

‘‘आत्मा अमर आहे, नाना,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘असेल. लांबी किती?’’

‘‘अहो, तो मोजायचा विषय नाही.’’

‘‘मग ड्रॉइंगमध्ये कशाला दाखवता?’’

गच्चीवर हशा पिकला. अध्यक्षांनी पुढची स्लाइड लावली. तिच्यावर आकाशगंगा होती. आकाशगंगा दिसली की वाद संपला असं समजायची त्यांची पद्धत.

मग नाना माझ्याकडे वळले. ‘‘सर, तुमचं काय? द्रव्य की आत्मा?’’

‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘आणि कळायला काही मार्ग आहे असंही वाटत नाही. आपल्याला दिसतं ते आपल्याला दिसण्यापुरतंच.’’

‘‘सर, हे उत्तर नाही. ही रजा आहे.’’

मला ते फार आवडलं. माझ्यावर झालेली टीका नीट जमलेली असली की मला आवडते, आणि ती मी पुढे स्वतःची म्हणून सांगतो.

त्याच सकाळी नानांनी त्यांच्या कामाची रीत सांगितली. तपासायचा गेज असतो, तो भागात बसतो किंवा बसत नाही. बसला तर पास, नाही बसला तर बाद. मी वकिली मुद्दा काढला, ‘‘आणि अर्धवट बसला तर? बसला की नाही असं वाटायला लागलं तर?’’

‘‘बाद. शंका असेल तर बाद.’’ त्यांना विचारही करावा लागला नाही. ‘‘ब्रेकचा तुकडा आहे, सर. चांगला तुकडा बाद झाला तर लोखंड वाया गेलं. वाईट तुकडा पास झाला तर घाटात बस गेली.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या गच्चीवर ज्ञान या विषयावर बोललं गेलेलं सर्वांत शहाणं वाक्य ते हेच, असं मी घरी येऊन डायरीत लिहिलं.

नानांच्या पत्नी इंदूवहिनी. त्या मंडळात कधी आल्या नाहीत, पण नानांबरोबर डबा येई. कळण्याची भाकरी आणि ठेचा. आत्मा मानणारे आणि न मानणारे सगळे त्यावर एकदिलानं तुटून पडत. वहिनी देवाधर्माच्या होत्या. श्रावणात सोमवारी त्र्यंबकेश्वरला जात, आणि नाना त्यांना स्कूटरवरून नेऊन बाहेर चपला राखत उभे राहत. ‘‘आत काय आहे त्याबद्दल वाद आहे. चपला आहेत याबद्दल नाही,’’ असं ते म्हणत. या वाक्यावर वहिनी हसत नसत. त्यांनी ते पस्तीस वर्षं ऐकलं होतं.

एका रविवारी मी नानांना सोडायला त्यांच्या सिडकोतल्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडता उघडता विचारलं, ‘‘काय ठरलं मग आज? देव आहे का नाही?’’

‘‘बहुमत झालं नाही,’’ नाना म्हणाले.

‘‘बरं. मग तोवर मी दिवा लावून घेते.’’

मला वाटतं, त्या वर्षीचा वाद तिथेच संपायला हरकत नव्हती.

मार्गशीर्षात, सकाळी भाकरी थापता थापता वहिनी ओट्यापाशी कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. शस्त्रक्रिया झाली, तीन आठवडे दवाखाना झाला. मी भेटायला गेलो तेव्हा नाना कॉरिडॉरच्या खिडकीला मेंदूच्या फोटोची काळी फिल्म लावून उभे होते. बाहेरच्या उजेडात तिच्यावरचा एक पांढरा डाग चमकत होता.

‘‘हे बघा सर,’’ ते बोट ठेवून म्हणाले, ‘‘इथे बोलणं होतं तिचं.’’

मी पाहिलं. गच्चीवर ज्या मताच्या बाजूनं ते आठवड्यामागून आठवडे भांडले होते, ते मत इथे त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांच्या बाजूनंच निकाल देत होतं. माणूस म्हणजे मेंदू, मेंदू म्हणजे द्रव्य, द्रव्य बिघडलं की माणूस बिघडतो. अध्यक्षांच्या आत्म्याला असला डाग पडत नाही. पण हे मत बरोबर ठरल्यामुळे आलेला अवघडलेपणा इतका होता, की आम्ही दोघेही बराच वेळ खाली पार्किंगमध्ये एक रिक्षावाला गाडी मागे घेत होता ते पाहत राहिलो.

वहिनींना घरी आणलं. नाकातून नळी, गळ्याशी टॉवेल, उजवी बाजू गेलेली. डोळे उघडे असत, कधी मिटत. मोठा आवाज झाला की पापणी लवे. नाना मोठ्या सिरिंजनं नळीतून मुगाचं पाणी, ताक, गोळ्यांची पूड सोडत. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनींची धाकटी बहीण कमलबाई सटाण्याहून येऊन राहिली होती आणि दिवसभर बहिणीचे तळपाय चोळत असे.

अध्यक्षही येऊन गेले. पुष्पगुच्छ घेऊन आले आणि वहिनींच्या उशाशी उभे राहून चैतन्य या विषयावर वीस मिनिटं बोलले. वहिनींचे डोळे छताकडे होते. तेवढ्या वीस मिनिटांपुरतं तरी त्यांना काही कळत नसावं, अशी मी मनात इच्छा केली.

प्रश्न तोच होता, त्यांना काही कळतं का. डॉक्टर तरुण आणि प्रामाणिक होते. ‘‘कळत असेलही, नसेलही. अशा पेशंटमध्ये छातीठोकपणे सांगता येत नाही,’’ असं ते म्हणाले.

‘‘म्हणजे सरांसारखंच,’’ नाना म्हणाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘सर, पुढे हिला परत ताप भरेल, छातीत कफ होईल. डॉक्टर मला विचारणार, दवाखान्यात नेऊन मशीनवर ठेवायचं की नाही. ती आत असेल तर मी तिला कुठेही नेईन, काहीही करीन. पण ती नसेल, तर मग मी कोणाला टोचतोय, कोणाच्या नरड्यात नळ्या घालतोय? मला हे कळलं पाहिजे. सांगता येत नाही, हे चालणार नाही.’’

‘‘कसं कळणार?’’

‘‘मोजून.’’

त्यांनी रीत आखली होती. डावा हात शाबूत होता. सकाळी दहाला, उन्हाची तिरीप पलंगावर येई तेव्हा, त्या हातात एकानं आपली दोन बोटं द्यायची. वीस चिठ्ठ्या करायच्या. दहांवर ‘विचारा’, दहा कोऱ्या. नाना एकेक चिठ्ठी उचलणार. ‘विचारा’ निघालं तर वहिनींच्या कानाशी जाऊन ‘इंदू, बोटं दाब’ म्हणणार, कोरी निघाली तर नुसतं उभं राहणार. हात धरणाऱ्याला यातलं काही कळता कामा नये, म्हणजे त्याचं मन हाताला भरीला घालणार नाही. नाना खांद्यावर टिचकी मारतील तेव्हा त्यानं ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचं. नाना वहीत लिहिणार. विचारल्यावरचे ‘हो’ कोऱ्या चिठ्ठीवरच्या ‘हो’पेक्षा पुष्कळ जास्त आले, तर ती आत आहे.

‘‘आणि हात कोणी धरायचा?’’ मी विचारलं.

‘‘तुम्ही.’’

‘‘मी? अहो, तुमचा हात त्यांच्या ओळखीचा आहे.’’

‘‘माझा हात खोटं बोलेल, सर. मला ती हवी आहे. नसलेला दाब माझ्या हाताला लागेल. कमलच्या हाताला तर लागतोच आहे. तुम्हाला काहीच हवं नाही. तुम्ही ना या बाजूचे, ना त्या. इन्स्पेक्टर असाच लागतो.’’

मला बढती मिळाल्यासारखं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

रोज सकाळी मी सिडकोत जाऊ लागलो. कानात कापूस, वरून माकडटोपी, तोंड भिंतीकडे, आणि मागे केलेल्या हाताची दोन बोटं इंदूवहिनींच्या मुठीत. भिंतीवर एका औषध दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यावरची एकादशी आणि संकष्टी मला पाठ झाली. कमलबाई दारात उभ्या राहून हे पाहत. पहिल्या दिवशी त्यांनी मला टोपी घालताना पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या हसल्या की रडल्या ते कापसामुळे मला ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र त्या पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. मी कापूस काढत होतो.

‘‘भाऊजी, हाई काय खेळ मांडेल शे? तिले समदं समजस.’’

‘‘पुरावा काय?’’ नाना वहीतून मान वर न करता म्हणाले.

‘‘पुरावा कसाना? मी बहीन शे ना तिनी!’’

‘‘कमल, तुला वाटतं. वाटणं वेगळं.’’

‘‘मंग इचारा तुमना वहीले,’’ म्हणून कमलबाईंनी तेलाची वाटी उचलली आणि पुन्हा पायांशी जाऊन बसल्या. त्यांना प्रमाणशास्त्र येत नव्हतं. त्या बहिणीशी बोलत होत्या, दिवसभर, सटाण्याच्या कांद्याबद्दल, म्हशीबद्दल, कोणाच्या सुनेबद्दल. समोरून उत्तर येत नाही याची त्यांना अडचण वाटत नव्हती.

पहिल्या आठवड्यात मी चार वेळा ‘हो’ म्हणालो. शनिवारी नानांनी वही दाखवली. चारांपैकी तीन ‘हो’ कोऱ्या चिठ्ठ्यांवर होते. कोणी काही विचारलंच नव्हतं आणि मला दाब लागला होता. ‘‘अर्थ नाही,’’ नाना म्हणाले. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यानं जन्मभर लोकांना सांगितलं की मन आपल्याला हवं ते दाखवतं, त्याला स्वतःच्याच दोन बोटांनी फसवलं होतं. कमलबाईंच्या पंगतीला जाऊन बसल्यासारखं वाटलं. ‘‘सर, शंका असेल तर ‘नाही’ म्हणा,’’ नाना म्हणाले. ‘‘आमच्याकडे तसंच असतं.’’

मी ते आनंदानं स्वीकारलं.

शंका म्हणजे काय, ते इथे लिहून ठेवतो, कारण वहीत ते कुठेच नाही. वहिनींचा हात उबदार असे, थोडा दमट. आपली बोटं एखाद्याच्या मुठीत दहा मिनिटं राहिली की आपलीच नाडी आपल्याला लागायला लागते आणि ती त्यांची वाटते. त्या ठोक्यांच्या खाली कधी कधी काहीतरी होई. झोपलेल्या माणसाच्या अंगावर आपण पांघरूण सारखं करतो तेव्हा तो किंचित आवरून घेतो, तितकंच. त्याला दाब म्हणवत नव्हतं. तो नव्हताच, असंही म्हणवत नव्हतं. खांद्यावर टिचकी बसे. मी म्हणे, ‘‘नाही.’’

असं किती वेळा झालं? सहा असेल, पंधराही असेल. नोंद न केलेल्या गोष्टी मोजता येत नाहीत.

वहीचं पान मात्र स्वच्छ होत गेलं. दुसऱ्या आठवड्यात एक ‘हो’. तिसऱ्यात शून्य. मला त्या शून्याचा, खरं सांगायचं तर, थोडा अभिमान वाटला. माझा हात शिकला असं वाटलं. नाना रोज चहा करून देत आणि आम्ही शेजारच्या खोलीत बसून कपाची ऊब हातात घेत असू. एकदा माझ्या लक्षात आलं, की या तीन आठवड्यांत मी नानांना वहिनींचा हात हातात घेतलेला पाहिलेलाच नाही. अंग पुसत, कूस बदलत, नळी धूत, केस विंचरत. हात तेवढा ते टाळत. विचारलं तर म्हणाले, ‘‘रीडिंग बिघडेल.’’

पौषाच्या शेवटाला ताप चढला. डॉक्टर घरी आले, छाती ऐकली. दुपारची वेळ होती, बाहेर बोरं विकणारी ओरडत गेली. डॉक्टर म्हणाले, ‘‘दोन मार्ग आहेत. आयसीयूत नेऊन व्हेंटिलेटर लावू, त्यातून त्या वाचतील कदाचित, पण इथवरच येतील. नाहीतर इथेच ठेवू, त्रास होणार नाही एवढं बघू. निर्णय तुमचा आहे. घरच्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्हाला काय वाटतं, त्या प्रतिसाद देतात का?’’

नानांनी वही पुढे केली. डॉक्टरांनी पानं उलटली. आखलेल्या रेघा, तारीख, वेळ, चिठ्ठी क्रमांक, आणि ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’.

‘‘एवढं व्यवस्थित रेकॉर्ड आमच्याकडेसुद्धा नसतं,’’ ते आदरानं म्हणाले.

कमलबाई दारातून म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तिले लई जा दवाखान्यात. मी पाया पडस तुमना.’’

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता की आधार मागणं होतं, ते मला कळलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर एवढंच म्हणायचं होतं, की ती सगळी ‘नाही’ सारखी नव्हती. पण म्हणजे काय सांगणार होतो? माप नसलेली एक गोष्ट. मला पुन्हा फसायचं नव्हतं. मी मान हलवली, त्यांना जशी वाचायची तशी वाचता येईल अशी.

‘‘इथेच ठेवू,’’ नाना म्हणाले.

चौथ्या दिवशी, ऊन पलंगावरून खाली उतरल्यावर, वहिनी गेल्या. मी तिथे नव्हतो. त्या चार दिवसांत नानांनी त्यांचा हात धरला का, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

रामकुंडावर नानांनी सगळं केलं. गार पाण्यात उतरले, ओल्या धोतरानं बसले, गुरुजींनी सांगितलं तसं बोलले. मंडळातले आम्ही काही जण काठावर मफलर आवळून उभे होतो. अध्यक्षांना राहवलं नाही. ‘‘नाना, शेवटी पटलं ना?’’

नाना थरथरत होते. ‘‘विधी तिचा होता,’’ ते म्हणाले. ‘‘माझं मत घरी ठेवून आलोय.’’

फेब्रुवारीत थंडी ओसरली. गाड्यांवर द्राक्षं आली. एका सकाळी मी बेसिनपाशी द्राक्षं धूत उभा होतो. एक मणी बोटांना किंचित मऊ लागला. नासका होता की नुसता पिकलेला, ते पाहिलं नाही, टाकून दिला. तो कचऱ्याच्या डब्यात पडला आणि माझा हात नळाखाली तसाच राहिला.

चांगला तुकडा बाद झाला तर लोखंड वाया जातं, म्हणून तिथे शंका असेल तर बाद. कारखान्यात ते बरोबर होतं, कारण बाद करण्यात धोका नव्हता. आम्ही तोच नियम उचलून सिडकोतल्या त्या पलंगापाशी नेला आणि तिथे धोका दुसऱ्या बाजूला आहे हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. तेहतीस वर्षं मोजणारा एक माणूस आणि जन्मभर तर्क शिकवणारा दुसरा. तिथे चांगला तुकडा बाद होणं म्हणजे काय होतं? कमलबाईंना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण त्या शंका आली की धरून ठेवत होत्या. आम्ही दोघं शिकलेले होतो.

नियम नानांचा होता, असं म्हणून मी काही दिवस काढले. ते पुरलं नाही. नाना नियम सांगत होते, शंका येत होती ती मला. आणि मी ‘नाही’ म्हणत होतो ते काही नियमाला मान देऊन म्हणत नव्हतो. पुन्हा वहीत माझी फजिती दिसू नये म्हणून म्हणत होतो. संशयवाद्याला अज्ञानाची भीती नसते, त्याला हसं होण्याची असते. तेवढ्या भीतीपायी मी एका बाईचं असणं पुसलं असेन. किंवा नसेनही, कारण ते ठोके माझ्याच नाडीचे असू शकतात. मी आजही त्यातलं एकही ठामपणे म्हणू शकत नाही. पूर्वी असं न म्हणू शकण्यात मला एक प्रकारची प्रतिष्ठा वाटायची.

नाना दोन वर्षं मंडळात आले नाहीत. यंदा थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी आले. वाळले आहेत. गच्चीवर त्यांच्यासाठी उन्हातली खुर्ची सोडली गेली. अध्यक्षांनी बोलण्याच्या ओघात चैतन्याचा विषय काढला, सवयीनं सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची थोडी आणखी उन्हात सरकवली. दीड तास झाला, मंडळी मिसळीसाठी खाली उतरली. नाना बसून राहिले, म्हणून मीही राहिलो.

‘‘सर, एक विचारायचं होतं.’’

‘‘विचारा ना.’’

‘‘तेव्हा तुम्ही ‘नाही’ म्हणायचात. ती सगळी ‘नाही’ सारखी होती का?’’

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं आणि उत्तर मी तयार ठेवलं होतं. सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस. त्याला आता काय द्यायचं, हे मी ठरवलं होतं.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘सारखीच होती.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

त्यांनी मान हलवली. मग खुर्चीवर कोणीतरी टाकून गेलेलं वर्तमानपत्र उचललं, कडेची कोरी पट्टी वर येईल असं दुमडलं, खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवलं.

‘‘मग एवढं लिहून द्या. ‘सगळी सारखी होती.’ खाली सही. तोंडी रिपोर्टवर मी कधी काही पास केलेलं नाही.’’

तीनच शब्द होते. मी पेन उघडलं. खालून मंडळींचा आवाज येत होता, कोणीतरी जादा पाव मागत होतं. नाना वाट पाहत होते. त्यांना घाई नव्हती. मी पेन कागदापर्यंत नेलं आणि तिथेच धरून बसलो. बोलायला जे जमलं होतं ते हाताला जमेना. शेवटी मी टोपण लावलं आणि पेन त्यांना परत दिलं.

नानांनी वर्तमानपत्र उचलून डोळ्यांजवळ नेलं. ती कोरी कड त्यांनी लिहिलेलं वाचावं तशी वाचली, डावीकडून उजवीकडे, शेवटपर्यंत.

‘‘म्हणजे होती ती,’’ ते म्हणाले.

‘‘नाना, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही,’’ मी म्हणालो. ते खरं होतं. पण नाना तोवर उठले होते. कठड्याला धरून त्यांनी जिन्याची पहिली पायरी चाचपली. ते उतरून थेट फाटकाबाहेर गेले, खाली त्यांच्यासाठी भरलेली मिसळ निवत राहिली.